'अ‍ॅम्पचा निम्मा आवाज वायरमध्ये असतो' म्हणे! एकेक मुद्दा घेऊन बोलू

घरी अ‍ॅम्प (गाण्याचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर) बनवायला घेतलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी हा मेसेज पाठवतंच. त्यात असं म्हटलंय की अ‍ॅम्पचा निम्मा आवाज आतली वायर ठरवते, म्हणून वायर चांदीची घ्या, नाही जमलं तर ऑक्सिजन-फ्री तांब्याची, मिळेल तेवढी जाड, डावी-उजवी अगदी एका मापाची, बाणाच्या दिशेनेच जोडा, प्लास्टिकचं आवरण नको तर कापसाच्या नळीत घाला, आणि दोनशे तास वाजवून ती 'मुरू' द्या. मी बरीच वर्षं व्हॉल्व्हचे (जुन्या काचेच्या नळ्यांचे) आणि ट्रान्झिस्टरचे दोन्ही अ‍ॅम्प बनवतोय आणि हे वाचून मला मनापासून वाईट वाटतं, कारण वायर महत्त्वाची आहेच, पण ज्या कारणांसाठी आहे त्यातलं एकही या मेसेजमध्ये नाही.

चांदीपासून सुरू करू. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरंय, पण किती, तर ५-६ टक्के. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा २० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) साधारण ०.००७ ओहम, चांदीचा ०.००६५ च्या आसपास. एवढाच फरक हवा असेल तर तांब्याची वायर एक-सव्वा सेंटीमीटर आखूड कापा, मिळाला. आणि हा सिग्नल पुढे जातो कुठे, तर दहा हजार किंवा लाखभर ओहमच्या व्हॉल्यूम पॉटवर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर)! तिथे ओहमचा हजारावा भाग काय करणार?

यावर लगेच उत्तर येतं की मग टेफ्लॉनच्या वायरला चांदीचा मुलामा का देतात, कंपन्यांना कळत नाही का. कळतं की, पण कारण वेगळं आहे. टेफ्लॉनचं आवरण चढवताना तापमान ३५० अंशांच्याही वर जातं आणि कथील वितळतं २३२ ला, म्हणजे नेहमीचा कथलाचा मुलामा तिथे टिकूच शकत नाही. म्हणून चांदी. ती वायर मी स्वतः आवडीने वापरतो, कारण सोल्डरिंग करताना चुकून सोल्डरिंग आयर्न लागलं तरी आवरण वितळून मागे सरकत नाही.

ऑक्सिजन-फ्री तांब्याचंही तसंच. साधं इलेक्ट्रिकल तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतंच, ऑक्सिजन-फ्री ९९.९५ किंवा थोडं वर, आणि वीज वाहण्यातला फरक जेमतेम एक टक्का. खरी फसवणूक वेगळ्याच ठिकाणी होते, ती म्हणजे वर तांब्याचा पातळ थर आणि आत अ‍ॅल्युमिनियम. तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट, दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि जोडही नीट बसत नाही. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. उलट बाहेरून पांढरी आणि आतून लाल म्हणजे कथलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते उत्तम.

आता 'जाड ती चांगली'. यासाठी नेहमी स्किन इफेक्ट पुढे करतात, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढली की करंट वायरच्या बाहेरच्या बाजूने वाहतो. वाहतो, पण २० किलोहर्ट्झला तांब्यात ती खोली ०.४६ मिलिमीटर असते, म्हणजे जवळपास एक मिलिमीटर व्यासाच्या वायरीत आपल्या कानाला ऐकू येणारं सगळं अख्ख्या तांब्यातून जातं. स्पीकरपर्यंत ३ मीटर अंतर आणि १.५ स्क्वेअर एमएमची वायर धरा, जाऊन-येऊन होतात ०.०७ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरवर त्याने आवाज ०.१ डेसिबलनेसुद्धा कमी होत नाही. याच्याशेजारी हे ठेवून बघा की स्पीकरची व्हॉइस कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) वाजता वाजता ५० अंशांनी तापली तर तिचा स्वतःचा रेझिस्टन्स २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे एक ओहमहून जास्त. अंतर १५ मीटर असेल तर जाड वायर जरूर घ्या, पण बोर्डावर सिग्नलसाठी ०.२ स्क्वेअर एमएम पुष्कळ झाली. जाड ताठ वायर वाकवताना बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उखडून येतो, असे बोर्ड मी कितीतरी दुरुस्त केलेत.

डावी-उजवी एका मापाची? वायरीत सिग्नल एक मीटर जायला ५ नॅनोसेकंद लागतात. तुमचं डोकं एक मिलिमीटर हललं तर हवेतून येणाऱ्या आवाजात ३ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे सहाशेपट. बाणाचं म्हणाल तर ऑडिओ सिग्नल एसी असतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. काही केबलची शिल्ड (सिग्नलच्या तारेभोवतीची जाळी) एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला अर्थ आहे, बाकी नाही. आणि मुरणं... तांबं मुरत नाही. स्पीकरचं सस्पेन्शन सैल होतं, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बरेच दिवस पडून असेल तर सावरायला वेळ घेतो, आणि ऐकणाऱ्याला नव्या आवाजाची सवय होते, बास.

मग वायरीत बघायचं काय? एक म्हणजे शिल्ड केबलची कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता). साधारण कोअ‍ॅक्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. लाख ओहमचा पॉट मधल्या जागी असताना त्याच्यामागचा रेझिस्टन्स २५ हजार ओहमपर्यंत जातो, त्याला ३ मीटर केबल लावली तर २१ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबल गेले, म्हणजे वरचा आवाज तिथूनच मऊ व्हायला लागतो. हे मात्र खरंच ऐकू येऊ शकतं! उपाय चांदीचा नाही, १० हजारांचा पॉट घ्या नाहीतर केबल आखूड ठेवा. टर्नटेबलला तर याहून जास्त जपावं लागतं, अर्ध्या हेन्रीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (रेकॉर्डवरच्या सुईच्या भागाला) एकूण ३०० पिकोफॅरड मिळाले तर रेझोनन्स (जिथे आवाज उगाच फुगतो ती फ्रिक्वेन्सी) १३ किलोहर्ट्झवर येतो, १५० ठेवले तर १८ च्या वर जातो.

दुसरं, वायर कुठून जाते. माझ्या एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये मी चांदीचीच वायर घातली होती आणि तो सतत घुं घुं करायचा. ट्रान्सफॉर्मर बदलला, कपॅसिटर वाढवले, काही फरक नाही. शेवटी सुक्या बांबूच्या काडीने एकेक वायर हलवून बघितली तर ग्रिडची (व्हॉल्व्हच्या इनपुटची) वायर हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) वायरीला लागून समांतर गेली होती, ती चार बोटं दूर सरकवली, हीटरच्या दोन्ही वायरींना घट्ट पीळ दिला आणि चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून नेल्या, हम (ती घुं घुं) गेला. ग्राउंडचंही असंच, रेक्टिफायरपासून (एसीचं डीसी करणाऱ्या भागापासून) पहिल्या कपॅसिटरपर्यंत करंटचे मोठे झटके जातात, ती वायर आणि इनपुटचं ग्राउंड एकाच रस्त्याने नेलं की शुद्ध चांदीतूनही हमच येणार.

तिसरं आवरण, आणि इथे मला मेसेजचा रागच येतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये ४००-४५० व्होल्ट डीसी असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. तिथे उघडी चांदीची तार कापसाच्या नळीत? कापूस ओलावा धरतो, घासून विरतो, त्याला व्होल्टेजचं रेटिंगच नसतं. ६०० व्होल्ट रेटिंगचं पीव्हीसी किंवा टेफ्लॉन घ्या, मेन्सची (घरच्या विजेची) वायर मेन्सचीच घ्या, आणि अर्थची हिरवी-पिवळी वायर चॅसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट लावा. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान ती कापसाची ओळ काढा, तिच्या जागी '६०० व्होल्ट' एवढं लिहा आणि मगच पाठवा.