मॉवरला धाप लागते तेव्हा

जुन्या हायड्रोस्टॅटिक रायडिंग मॉवरचं, म्हणजे बसून चालवायच्या आणि तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या गवत कापायच्या यंत्राचं, तेल थकलंय हे कळायला डिपस्टिक लागत नाही, चढ लागतो. गार असताना मॉवर त्या चढावर तरातरा जातो. थोडा वेळ गवत कापून अंग तापलं की तोच चढ त्याला नकोसा होतो. इंजिन पूर्वीच्याच जोशात गर्जत असतं, आणि चाकं मात्र पुढे जायचं की नाही याचा विचार करत असतात. मी सीटवर पुढे झुकून बसतो. त्याने काडीचाही फरक पडत नाही, पण आपण काहीतरी केलं एवढं समाधान मिळतं.

कारण साधं आहे. तापलं की तेल पातळ होतं, आणि तेल जुनं, पंपही झिजलेला असला की ते चाकांकडे जायचं सोडून आतल्या आत फटींतून मागच्या मागे पळ काढतं. म्हणजे तेल बदलायला हवं.

"पण बाबा, याला गिअर नाहीत ना? मग तेल कशाचं बदलतोस?" मुलीने रास्त शंका काढली.

तिला म्हटलं, बदलायचे गिअर नाहीत म्हणून तर सगळी भिस्त तेलावर. इंजिन एक पंप फिरवतं. पंपात गोलाकार मांडलेले छोटे पिस्टन आणि त्यांच्यासमोर एक कलणारी तबकडी. तबकडी सरळ असली की पिस्टन नुसतेच गरगरतात, तेल ढकलत नाहीत, आणि मॉवर उभा राहतो. आपण दांडा पुढे केला की तबकडी कलते, पिस्टन आत-बाहेर करू लागतात, तेल दाबाने मोटरकडे (ही विजेची नव्हे, तेलाच्या दाबावर फिरणारी) जातं आणि चाकं फिरतात. तबकडी उलट कलली की आपण मागे.

"म्हणजे आपण तेलावर चालतो?"

"तेलाच्या मर्जीवर चालतो."

हीच युक्ती 1906 साली 'व्हर्जिनिया' या अमेरिकन युद्धनौकेवर तोफांची तोंडं वर-खाली करायला वापरली होती. ज्या तत्त्वावर तोफा हलल्या त्याच तत्त्वावर मी कुंपणाकडेचं गवत कापतो, ही गोष्ट घरात मी वारंवार सांगतो. "अहो, तोफखाना आवरा आणि जेवायला या," असं त्यावर उत्तर येतं.

मॅन्युअलच्या मते हे काम एका ओळीचं आहे: जुनं तेल काढा, फिल्टर बदला, नवं भरा. ज्याने हे लिहिलं त्याच्यासमोर कोरा करकरीत मॉवर टेबलावर ठेवलेला असणार. माझ्यासमोर जो होता त्याच्या पोटाखाली वर्षानुवर्षांचं गवत तेलात भिजून, वाळून, परत भिजून असं काही बसलं होतं की आधी ते खरवडावं लागलं. त्याखाली ट्रान्समिशन, म्हणजे पंप आणि मोटर असलेला डबा, निघाला. हे खरवडणं हौसेचं नाही. या पंपातले पिस्टन आणि त्यांची घरं यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. मातीचा एक कण झाकणातून आत गेला तर तेल बदलण्याऐवजी पंप बदलायची वेळ येते. म्हणून खरवडणी, ब्रश, चिंध्या, पुन्हा ब्रश. मॉवरचा तो भाग आता इतका स्वच्छ आहे की उरलेला मॉवर त्याच्याशेजारी उपरा वाटतो.

यानंतरचा एक नियम मला आईबापांच्या आज्ञेइतका पवित्र आहे. खालचा बूच खोलण्याआधी वरचा, म्हणजे तेल भरायचा बूच खुलतो की नाही ते बघावं. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचं झाकण गंजून घट्ट बसलेलं निघालं, तर अंगणात एक अवजड शोभेची वस्तू तेवढी उरते.

आता पाने. जुनी यंत्रं इंचात बोलतात, माझी पेटी मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. 13 चा पाना त्यावर बसतो, पण पूर्ण बसत नाही. किंचित हलतो, जोर लावला की नेमक्या वेळी घसरतो आणि बोटांची सालपटं काढतो. नऊ सोळांश इंच म्हणजे 14.29. त्याला 14 चा जात नाही आणि 15 चा गोल गोल फिरतो. पाव इंचाचा ॲलन की 6.35 चा, तिथे 6 चा घालून जोर केला तर प्लगच्या षट्कोनाचं वर्तुळ होतं. पाऊण इंच तेवढा सज्जन. तो 19.05 भरतो, आणि 19 चा पाना त्याच्यावर मुकाट बसतो. दोन मापनपद्धतींमध्ये असा सलोखा विरळाच, आणि त्या मापाचा नट या कामात एकही नाही. शेवटी शेजारच्या काकांकडून इंचांचे पाने आणले. पान्यांबरोबर काका आले.

काका खुर्ची घेऊनच आले. मॉवर जॅकवर उचलून मागची बाजू लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, तेवढ्यात कुठलं तेल घालावं यावर त्यांचं व्याख्यान सुरू झालं. ट्रान्समिशन फ्लुइड की इंजिन ऑइल? वास्तविक वाद घालण्याजोगं यात काही नाही. काही जुन्या ट्रान्समिशनना साधं इंजिन ऑइल चालतं, काहींना कंपनीचं खास हायड्रॉलिक तेल लागतं, आणि आपल्याला कुठलं हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. "मॅन्युअल काय, कोणीही लिहील," काका म्हणाले. मी मॅन्युअलचं ऐकलं आणि काकांना चहा दिला.

तेल सोडण्याआधी यंत्र थोडं चालवून घ्यावं, म्हणजे कोमट तेल गाळासकट बाहेर येतं. ते येतंही. फक्त ट्रेमध्ये येत नाही. प्लगच्या थेट खाली चौकटीचा एक आडवा पट्टा होता. तेल आधी त्यावर पडलं, त्याच्या कडेने दोन्हीकडे पसरलं, एका बोल्टवरून वळलं आणि ट्रे ठेवला होता तिथून वीतभर लांब उतरलं. ट्रे सरकवला तशी धार बारीक झाली आणि तिने जागा बदलली. पुठ्ठ्याची पन्हळ करून लावली तेव्हा कुठे ती वळणावर आली.

प्लगच्या चुंबकावर करडा लेप होता. असा मऊ लेप म्हणजे दात्यांची नेहमीची झीज; बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र घाबरायचं. तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी गेलेलं नव्हतं. काकांनी ते बोटांवर चोळून, हुंगून "अजून चाललं असतं" असा निकाल दिला.

फिल्टर काढताना एकच गोष्ट बघायची: त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबरच निघाली का. ती वर चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगांमधून तेल पिचकारी मारतं. माझ्या फिल्टरची रिंग निघाली. दिवसभरात माझं ऐकणारी ती पहिली वस्तू. नव्या रिंगेला तेलाचं बोट लावून फिल्टर नुसत्या हाताने आवळला. नवं तेल डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरायचं, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत नाही, कारण थोडं जुनं तेल आतल्या कानाकोपऱ्यांत दडून बसतंच.

आणि आता हवा. आत शिरलेली हवा दबते, तेल दबत नाही, त्यामुळे हवा काढल्याशिवाय मॉवर गचके खात चालतो. मागची चाकं अधांतरी, बायपास व्हॉल्व्ह (तेलाला मोटर टाळून परत फिरू देणारी झडप) उघडा, इंजिन मंद. दांडा सावकाश पुढे, सावकाश मागे. सुरुवातीला पंप डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा किंचाळला. पाच-सहा हेलपाट्यांनंतर किंचाळणं कण्हण्यावर आलं. मग बायपास बंद करून तेच पुन्हा. चाकं आधी एकेक फिरली, मग दोन्ही फिरली, मग आवाज गेला. इंजिन बंद करून पाहिलं तर तेलाची पातळी खाली. हवेने सोडलेली जागा तेलाने घेतली होती. वर थोडं भरलं. डब्यात साठलेलं जुनं तेल वापरलेलं तेल घेणाऱ्यांकडे पोचवायचं ठरलं. "कुंपणाच्या लाकडाला लावा" हा काकांचा सल्ला मी ऐकला नाही.

मॉवर चढावर नेला. न झुकता बसलो. तो तापल्यावरसुद्धा सरळ वर गेला, आणि वर पोचल्यावर मला पात्यांच्या डेककडून एक बारीक खरखर ऐकू आली. इतके दिवस पंपाच्या रडण्यात ती बुडून गेली होती. बेअरिंग असावं. काका खालून ओरडले, "इंचाचं असणार ते!"