समुद्रालाही लायसन्स?

परत तेच! आम्हा हौशी मासेमारांना इंग्लंडच्या समुद्रात गळ टाकायला लायसन्स, वर फी, अशी मागणी पुन्हा निघालीय. २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने मरीन बिलाच्या (समुद्राविषयीच्या कायद्याच्या मसुद्याच्या) वेळी हेच पुढे रेटलं होतं. २००९ च्या कायद्यात ते आलं नाही, तरी कुणी ना कुणी उकरून काढतंच. नदी-तळ्यात गळ टाकायला लागणारं रॉड लायसन्स आम्ही निमूट काढतो. पण भरतीच्या पाण्यात मासे धरायचा हक्क इथे सगळ्यांचा आहे, शेकडो वर्षांपासून! केंटमधल्या डील गावच्या किनाऱ्यावर पहाटे गारठलेल्या बोटांनी गळाला आमिष म्हणून लगवर्म (वाळूतला किडा) ओवायचा, बास मासा लागला की पट्टीवर मोजायचा, नियमातल्या किमान ४२ सेंटिमीटरला बोटभर कमी भरला की हळूच पाण्यात सोडायचा. पाळतोय ना नियम? मग तळ खरवडणारे ट्रॉलर सोडून आमच्याच खिशात हात का घालता?