मेथीचं पाणी, मेथीचा डिंक आणि तुमचा आक्षेप

नमस्कार ताई,

मधुमेहात मेथीचा नेमका कोणता घटक साखर उतरवतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: मेथीतले घटक वेगळे करून गुण शोधायची गरजच काय, आजी रात्री भिजवलेल्या मेथीचं पाणी सकाळी द्यायची आणि गुण यायचा. शिवाय 'मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका' असं लिहून मी औषध कंपन्यांची तळी उचलली.

आजीचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. बाळंतिणीला मेथीचे लाडू देणाऱ्या घरातच मीही वाढलोय. पण मेथीच्या दाण्यात तेल आहे, प्रथिनं आहेत, सॅपोनिनं ही कडू द्रव्यं आहेत, ट्रायगोनेलिन हे आणखी एक द्रव्य आहे आणि गॅलॅक्टोमॅनन हा चिकट डिंकही आहे. रक्तातली साखर उतरली तर श्रेय यातल्या कुणाचं? वेगळं केल्याशिवाय हे सांगताच येत नाही.

डिंक वेगळा करायला मुंबईतल्या लालबागच्या मसाल्याच्या बाजारातली साधी मेथी चालते. ती दळायची, हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रवाने तेल काढायचं, पूड पाण्यात ढवळत ठेवायची, चोथा बाजूला करायचा आणि उरलेल्या बुळबुळीत द्रवात अल्कोहोल ओतायचं. पांढरट तंतूंचा गोळा जमतो. तो सुकवणं मुंबईच्या पावसाळ्यात फार जिकिरीचं, कारण हवेतली ओल तो लगेच धरतो. त्यात प्रथिनंही अडकलेली असतात. ती न काढता चाचणी केली, तर गुण डिंकाचा की प्रथिनांचा, हा प्रश्न तसाच राहतो. या डिंकात गॅलॅक्टोज आणि मॅनोज या दोन साखरा जवळपास सारख्याच प्रमाणात असतात. गवारीच्या डिंकात मॅनोज साधारण दुप्पट. मॅनोजच्या साखळीला लागलेल्या गॅलॅक्टोजच्या दाट फांद्यांमुळे मेथीचा डिंक पाण्यात सहज विरघळतो. पोटात तो अन्नाला दाटपणा आणतो आणि ग्लुकोज रक्तात सावकाश जातं.

म्हणूनच नुसत्या पाण्याबद्दल मला शंका आहे. थोडा चिकटपणा पाण्यात उतरतो, पण बराचसा डिंक फुगलेल्या दाण्यातच राहतो. दाणे टाकून देत असाल तर कृपा करून टाकू नका, चावून खा.

प्रमाणाचंही बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० साली टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून, १० दिवस दिली. उपाशीपोटीची साखर उतरली, लघवीतून जाणारी साखरही घटली. पण १०० ग्रॅम कुठे आणि आपला चमचाभर कुठे! शिवाय ती तेल सोडून बाकी सगळ्या दाण्याची पूड होती, नुसता डिंक नव्हे. परीक्षानळीत एखाद्या अर्काने अल्फा-ग्लुकोसिडेझ हे पिष्टाची साखर करणारं विकर (एन्झाइम) रोखलं, तर तेवढ्यावरून माणसाला औषध सापडलं असं मी कधीच लिहिणार नाही.

राहिला गोळ्यांचा मुद्दा. मेथीने साखर खरोखर उतरत असेल, तर इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्यांसोबत ती गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. म्हणजे मेथीत गुण आहे असं मानणाऱ्यानेच जास्त सांभाळायला हवं. घरात कुणी रोज मेथी घेत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, डोस त्यांनाच ठरवू द्या. आणि शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी विचारल्याशिवाय मेथी सुरू करू नये; ती त्याच कुळातली आहे.