ब्रेकमध्ये थोडी हवा हवीच

ब्रेक दाबला की पाय गादीत रुतल्यासारखा खाली जातो आणि तिसऱ्या दाबाला गाडी थांबते? अभिनंदन भाऊ. नागपुरात ज्याला त्याला आपली हवा करायची असते. तुमची तर थेट ब्रेकमध्ये झाली आहे.

अजून झाली नसेल तर सोपं आहे. ब्रेकचा पाइप सोडून काम चालू असताना ऑइलच्या डबीकडे ढुंकूनही बघू नका. डबी कोरडी पडली की हवा आत उतरते आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये बिऱ्हाड थाटते. मग गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात न्या. पोरगा आत बसेल, मिस्त्री चाकापाशी उकिडवा. ‘मार, मार, मार... धर!’ चाकापाशी हवा काढायचा निपल जरासा ढिला, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत, निपल आवळला, ‘सोड!’ चारही चाकांना हा सोहळा झाला की बुडबुडे थांबतात. पॅडल मात्र गादीचं गादीच.

कारण ब्लॉकमधले काही व्हॉल्व्ह एरवी बंद असतात. त्यांच्यामागे अडकलेली हवा पायाने निघत नाही. बहुतेक गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून ते व्हॉल्व्ह आणि आतला पंप चालवावा लागतो, मग पुन्हा चाकांपाशी हवा काढायची. असलं काही मिस्त्री बोलला तर गॅरेज बदला. बाबांच्या गाडीला कधी स्कॅनर लागला होता का? (एबीएसही नव्हतं, पण ते मध्येच काढू नका.) पुढच्या गॅरेजात फुकटचा उपाय मिळेल: काटोल रोडला मोकळ्यात जा, चार-पाचदा कचकन ब्रेक मारा, एबीएस थरथरलं की हवा सुटते. म्हणजे ब्रेक लागत नाही ना, मग जोरात लावून बघा!

आणि बाटलीतलं ऑइल फेकू नका, डबीत परत ओता. हवेतलं पाणी शोषणं हा त्याचा स्वभावच. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलला 230 डिग्रीपर्यंत न उकळण्याची हमी असते, पाणी मुरलं की ती 155 वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफही हवेसारखीच दबते. काहीच वाया जात नाही.

उद्या भाचा गाडी मागायला येईल. किल्ली देताना तेवढं सांगा: ‘काही नाही होत रे बाप्पा, व्हेरायटी चौकात थांबायचं असलं की झाशी राणी चौकापासूनच पंप मारत जा.’