गठ्ठा कोरडाच राहिला

आज दुपारी नवी पेठेत एका दुकानदाराने माझ्या आईला सावलीतून बाजूला व्हायला सांगितले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. डोळे तपासून आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो, डोळ्यांत घातलेल्या औषधामुळे तिला उजेड सोसत नव्हता, आणि मी रिक्षा पाहायला रस्त्याच्या कडेला गेलो तेवढ्यात ती एका दुकानाच्या पत्र्याखाली, खांबाला हात टेकून उभी राहिली. आतून पंचविशीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘आजी, जरा पुढं सरका की, गिऱ्हाइकाला वाट होईना.’ तो उद्धटपणे बोलला नाही, हे मी आधीच लिहून टाकतो. आई एक शब्द न बोलता पुढे सरकली. पुढे म्हणजे कुठे, तर गटारावरच्या डुगडुगत्या फरशीवर, ओळीने लावलेल्या मोटारसायकलींच्या आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हाच्या मध्ये. तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि रिक्षा मिळेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

घरी आल्यापासून डोके तापलेले आहे, आणि त्या तापलेल्या डोक्यात सारखा एकच रस्ता येतो आहे. तो सोलापुरातला नाही, मुंबईतला आहे. बोरीबंदर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, स्टेशनातून बाहेर पडून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा दादाभाई नौरोजी मार्ग. आपल्यापैकी जो जो रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला आहे, त्याने स्टेशनाबाहेर डोळे चोळत पहिला रस्ता पाहिला तो हाच.

मी नववीत असताना वडील मला पहिल्यांदा मुंबईला घेऊन गेले. ते चादरीच्या कारखान्यात हिशेब पाहात आणि वर्षातून दोन-तीनदा नव्या नक्षीचे नमुने घेऊन फोर्टमधल्या एका पेढीवर जात. नमुने म्हणजे सहा चादरी, घड्या घालून जुन्या धोतरात आवळून बांधलेल्या. जुलै महिना होता. गाडीतून उतरलो तेव्हा बाहेर असा पाऊस कोसळत होता की समोरची महापालिकेची इमारत दिसत नव्हती. सुती चादर एकदा पाणी प्यायली की तिचे वजन दुप्पट होते आणि नक्षी पाहण्याआधी माणूस नाक मुरडतो, हे मला त्या वयातही ठाऊक होते. आमच्याकडे छत्री एक, माणसे दोन आणि गठ्ठा एक. मी छत्री उघडायला लागलो तर वडील म्हणाले, ‘राहू दे. पलीकडं कमानीत शिरलो की झालं.’

आणि खरोखरच झाले. रस्ता ओलांडून आम्ही जे कमानीखाली शिरलो ते थेट फाउंटनच्या तोंडाशी बाहेर पडलो. डाव्या हाताला पाण्याचा पडदा, उजव्या हाताला दुकानांच्या काचा, डोक्यावर दुसऱ्याच्या मालकीचे मजले आणि पायाखाली कोरडी फरशी. मध्ये आडव्या गल्ल्या येत, तेवढ्यापुरते वडील गठ्ठा छातीशी धरून पळत आणि पुढच्या कमानीत शिरले की पुन्हा खांद्यावर घेत.

वडील त्या रस्त्याला शेवटपर्यंत हॉर्नबी रोडच म्हणत. हॉर्नबी हा मुंबईचा गव्हर्नर, १७७१ ते १७८४ या काळातला. त्या वेळी तिथे किल्ला होता, तट होता, दरवाजे होते. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे किल्ल्याचा चर्चगेट हा दरवाजा होता. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना हा तट पाडला, जागा मोकळी झाली, रस्ता रुंद झाला आणि १८६४ साली कारंजे उभे राहिले. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्या रस्त्याच्या कडेने एकाहून एक इमारती चढल्या. पण मी आज जे सांगायला बसलो आहे ते त्या इमारतींच्या नक्षीबद्दल नाही. १८९६ साली एक कायदा झाला, आणि त्याप्रमाणे या रस्त्यावर जो कोणी इमारत बांधेल त्याने तळमजल्यावर दर्शनी बाजूस पायी चालणाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग सोडलाच पाहिजे, असे ठरले. वरचे मजले तुमचे, त्यांना गॉथिक घाट द्या, ग्रीक खांब द्या, मुसलमानी घुमट द्या, तुमची हौस आणि तुमचा पैसा. पण खालची सावली वाटसरूची. मालकाचेही त्यात फारसे काही जात नव्हते, कारण खाली सोडलेल्या जागेच्या डोक्यावर त्याला बांधता येतच होते. इतकी साधी गोष्ट. म्हणूनच दर इमारतीचा चेहरा वेगळा असूनही कमानींची ओळ सहसा तुटत नाही, आणि म्हणूनच सोलापूरच्या एका हिशेबनीसाचा गठ्ठा कोरडा राहिला.

आता हे वाचून कोणीतरी म्हणणारच की इंग्रजांचे गोडवे गाऊ नका. ज्या गावाने १९३० साली नगरपालिकेवर तिरंगा चढवला, मार्शल लॉ भोगला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चार जीव येरवड्यात फासावर दिले, त्या गावच्या माणसाला हे शिकवू नये. चार हुतात्मा चौकातून जाताना माझा हात आजही आपोआप छातीकडे जातो. आणि मुळात हा रस्ता इंग्रजांनी खिशातून पैसे काढून बांधला, हे कोणी सांगितले? सोलापूरपर्यंत रेल्वे आली १८६० साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली ती यादवी संपली आणि भाव कोसळला, पण मधल्या चार-पाच वर्षांत मुंबईत जो पैसा खेळला त्यानेच त्या शहराला नवा चेहरा दिला. नंतर तिथल्याच मोरारजी गोकुळदासांनी १८७७ मध्ये आपल्याकडे गिरणी काढली, जिला आपण आजही जुनी गिरणी म्हणतो. तेव्हा त्या कमानींत आपल्याही बाजूचा कापूस आहे, असे मी मानतो. मला पुरावा मागू नका.

बोरीबंदरचेच पाहा. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, काम १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षे चालले आणि नाव मिळाले राणी व्हिक्टोरियाचे. पण दगडांवरचे मोर, माकडे, पाने, वेली यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे आणि सहायक अभियंता सीताराम खंडेराव होते. तेलंगणातून कामाला आलेल्या ज्या कामाठी लोकांनी मुंबईत दगड-विटा वाहिल्या, त्यांच्या नावाची वस्ती आज भलत्याच कारणाने ओळखली जाते. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू बोलणारी निम्मी वस्ती आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. याच स्टीव्हन्सने समोरची महापालिकेची इमारतही बांधली, ती १८९३ ला पूर्ण झाली. तिच्यापुढे फिरोजशहा मेहता उभे आहेत. त्या सकाळी त्यांच्या डोक्यावरून पाणी निथळत होते, एवढे मला आठवते.

उत्तरेच्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चे, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या दारावर लॉकवुड किपलिंगच्या आराखड्याप्रमाणे कोरलेले शेतकरी आहेत, आणि शेतकऱ्यांसाठी हयात घालवलेल्या जोतीरावांचे नाव तिला मिळाले, हे मला फार बरे वाटते. मध्ये अंजुमन-ए-इस्लामची शाळा, पेटिट यांचे वाचनालय, जुने कॅपिटॉल चित्रपटगृह. आणि १८८१ ची ती वाच्छा अग्यारी, जिच्या दर्शनी भिंतीवर माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल आहेत. मी त्यांना घाबरून थबकलो, तेव्हा वडिलांनी गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि सांगितले की हे पारशांचे देऊळ आहे, आपल्याला आत जाता येत नाही, बाहेरूनच हात जोड. मी जोडले. शाळेच्या सहलीत पाठ केलेल्या अर्ध्या इतिहासापेक्षा ती दोन मिनिटे माझ्या जास्त लक्षात आहेत.

दक्षिणेच्या टोकाला दादाभाईंचा पुतळा आहे, शिर्डीच्या साईबाबांची मूर्ती घडवणाऱ्या तालीम यांच्याच हातचा. इंग्रज या देशातून दरवर्षी किती संपत्ती ओढून नेतात याचा हिशेब ज्याने आकडे मांडून इंग्रजांच्याच तोंडावर मारला आणि १८९२ साली त्यांच्याच पार्लमेंटात निवडून जाऊन बसला, त्या माणसाचे नाव आता गव्हर्नराच्या नावाच्या जागी आहे. वडील स्वतः हिशेबनीस, त्यामुळे दादाभाईंवर त्यांचा विशेष जीव. पुतळ्यासमोर म्हणाले, ‘ह्यांनी साहेबाची वही तपासली.’ आणि पलीकडे, कारंज्यालगत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेल्यांचे स्मारक. म्हणजे त्या रस्त्याचा शेवटही हुतात्मा चौकातच होतो. गुलामीची खूण म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांनी एकदा तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालून यावे, जेमतेम दीड किलोमीटर आहे.

आता दुसरी बाजू. हो, त्या कमानींत आज फेरीवाले इतके आहेत की एकामागे एक चालावे लागते. मान्य. (वडिलांनीही परतताना तिथूनच माझ्यासाठी बॅटरी घेतली होती, जी कुर्डुवाडी यायच्या आत बंद पडली, तेव्हा मला त्यावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही.) मधल्या काळात पाट्या आणि फलकांनी त्या इमारतींचे चेहरे पार झाकून टाकले होते, हेही खरे. पण १९९५ च्या वारसा नियमावलीने त्या रस्त्याला संरक्षण मिळाले, पुढे दुकानदार, रहिवासी आणि वास्तुरचनाकार एकत्र बसले, पाट्यांना शिस्त लागली आणि २००४ साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. दुकानदारांनी स्वतःची पाटी लहान करून घेतली, हे मला त्या पुरस्कारापेक्षा मोठे वाटते. आपल्याकडे कोणाला पाटी लहान करायला सांगून पाहा.

आपल्याकडे काय आहे, असे विचारले की लगेच इंद्रभुवनाचे नाव निघते. अप्पासाहेब वारदांची ती वास्तू देखणी आहे, महापालिका तिथे बसते, आणि बाहेरचा पाहुणा आला की मी स्वतः त्याला ती दाखवायला नेतो. पण एक सुंदर इमारत आवाराच्या आत उभी असणे वेगळे आणि रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीने पायी चालणाऱ्यासाठी दोन पावले मागे सरणे वेगळे. मुंबईत निदान पावसाचे चारच महिने आहेत. आपल्याकडे फेब्रुवारी संपला की ऊन सुरू, आणि मे महिन्यात पारा चाळीशीच्या पुढे जाऊन बसतो. कमानींची गरज त्यांना जास्त की आपल्याला? गेल्या वीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत नवी पेठेत, सात रस्त्यापाशी, पार्क चौकाच्या आसपास केवढी व्यापारी संकुले उठली. काचा आल्या, लिफ्ट आल्या, तळघरे आली आणि त्या तळघरांत वाहनांऐवजी दुकानेही आली. एकालाही वाटले नाही की चार फूट जागा खाली सोडावी, वर हवे तेवढे बांधावे. आणि कोणी वाटून घ्यायला लावलेही नाही. पायऱ्या रस्त्यात, जाहिरातीचा फलक रस्त्यात, कपडे घातलेला पुतळा रस्त्यात, आणि माझी आई उन्हात.

जुन्या दुकानांची रुंदी दहा फूट, त्यातून तो बिचारा काय सोडणार, असे कोणी म्हणेल. तेही बरोबर आहे. पण मी जुन्या दुकानांविषयी बोलत नाही आहे.

त्या दिवशी पेढीवर पोहोचलो तेव्हा शेटनी आधी नक्षी पाहिली नाही. गठ्ठा सोडायला लावला आणि वरच्या चादरीवर तळहाताची मागची बाजू फिरवली, मग मधल्या घडीत हात घातला, मग खालच्या. बाहेर धो धो पाऊस आणि सोलापूरहून आलेला माल कोरडा, याचे त्यांना काहीच वाटले नाही, कारण ते त्याच रस्त्यावर राहणारे होते. चार चादरी ठेवून घेतल्या, दोन परत केल्या. भाव वडिलांच्या मनासारखा मिळाला नाही. घरी आल्यावर आईने त्या दोन चादरी नाकाला लावून पाहिल्या आणि विचारले, ‘मुंबईत पाऊस नव्हता का?’ वडील चहा पिता पिता म्हणाले, ‘होता की. रस्त्यालाच छत आहे तिथं.’

एवढे टंकून होईपर्यंत राग बराच उतरला आहे. आईला मघाशी विचारले की त्या मुलाने सरकायला सांगितले तेव्हा तुला काय वाटले. ती म्हणाली, ‘त्याच्या धंद्याची वेळ होती. आणि पत्राही त्याचाच.’ आता यावर काय बोलणार? ती परत आलेल्या दोन चादरींपैकी एक अजून पांघरते. कडा विरल्या आहेत, मधला मोर तेवढा शाबूत आहे.

उद्या चष्मा आणायला पुन्हा नवी पेठेतच जायचे आहे. आई आत्तापासून माळ्यावरची छत्री काढून ठेवायला सांगते आहे.