यावरातचा ‘देखावा’ आणि तिळाचे गोळे

ताई, तुमचे आक्षेप दोन. बँकॉकच्या चायनाटाउनमधल्या यावरात रस्त्यावरचा संध्याकाळचा खाऊबाजार पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे, हा एक. आणि आल्याच्या पाकातले तिळाचे गोळे शाकाहाऱ्यांनी बिनधास्त खावेत असं मी माझ्या लेखात लिहिलं, ते चूक, हा दुसरा.

दुसरा पूर्ण मान्य. ‘बुआ लॉय नाम खिंग’, म्हणजे हेच गोळे, खाताना मला उकडीचे मोदक आठवले आणि त्या भरात लिहून गेले. काळ्या तिळाच्या सारणात डुकराची चरबी घालायची जुनी चिनी रीत आहे. विचारल्याशिवाय मी तसं सांगायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. तिथे विचारायचा शब्द ‘जे’, म्हणजे चिनी पद्धतीचं कडक शाकाहारी. गाड्यावर पिवळ्यावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. मांस, मासे, अंडी, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाहून कडक. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस सगळा रस्ता याच पिवळ्या पताकांनी भरतो. २०२३ मध्ये ते नऊ दिवस आणि आपलं नवरात्र, दोन्ही १५ ऑक्टोबरलाच सुरू झालं. शाकाहारी माणसानं जायचं तर तेव्हाच जावं.

‘देखावा’ मात्र मला पटत नाही. १७८२ मध्ये राजवाड्यासाठी जागा हवी होती म्हणून तिथली चिनी वस्ती साम्पेंगला हलवली गेली. शेजारचा यावरात रस्ता १८९०च्या दशकातला. वस्ती मुख्यतः दक्षिण चीनमधून आलेल्या तेओच्यू लोकांची, आणि बँकॉकमध्ये नूडल्सना रोज जे ‘कुआय तिआव’ म्हणतात तो शब्द त्यांच्याच बोलीतून आला. दिवसा इथे सोन्याची दुकानं चालतात, संध्याकाळी त्यांच्या बंद दारांपुढे गाडे लागतात. इंदूरचा सराफा रात्री पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. तव्यावर पिठाच्या खळीत कालवं टाकली की चर्र आवाज होतो आणि कडा कुरकुरीत होईपर्यंत माणूस हलत नाही.

गर्दी वाढली, हे खरं. २०१९ मध्ये वात मांगकोन मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून तर फारच. पण कुआय जाप, म्हणजे मिरी घातलेल्या रश्शातल्या नूडल्स, त्यांच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा घरून आणलेला स्टीलचा डबा घेऊन उभे होते. गाडेवाल्या बाईंनी काही न विचारता तो घेतला आणि खालच्या पुडात रस्सा, वरच्यात गुंडाळीच्या नूडल्स भरून दिल्या.