कपाटातल्या अकरा पितळी गिन्न्या

आज सकाळी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये डोकं फिरलं. शेजारच्या गावच्या एका पोराला कोणीतरी सोयाबीनच्या पैशात खोट्या गिन्न्या (इंग्रजांच्या अमलातली सोन्याची नाणी) विकून गेलं आणि इकडे घोटाघोटाला हसणं चालू. "लोभ बाप्पा, लोभ! फुकटचं सोनं पाह्यजे होतं लेकाले." मी काही बोललो नाही. अर्धा चहा टाकून घरी आलो.

तर आता ऐका. माझ्या कपाटात अशा अकरा गिन्न्या आहेत. चौदा वर्षं झाली. हिच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

मी नाणी जमवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिवराया, भोसल्यांचे रुपये, आपल्या अचलपूरच्या, म्हणजे जुन्या एलिचपूरच्या टांकसाळीतले पैसे. सोन्याची ऐपत मास्तराला कुठून? त्या साली थकबाकी हातात आली आणि नेमका तो माणूस दारात. वाड्याचा पाया खोदताना गडवा सापडला म्हणे. "सर, एक घेऊन जा, सोनाराले दाखवा, मंग बोलू." सोनारानं कसोटीवर घासली, काट्यावर ठेवली. ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरेट. अस्सल! बाकीच्या अकरा मी रात्री कंदिलाच्या उजेडात मोजून घेतल्या.

पहिली नेहमी खरीच असते हो. तीच तर मेख आहे.

आणि मी कोण? दरवर्षी पोरांना आर्किमिडीज आणि राजाच्या मुकुटाची गोष्ट सांगणारा! घरात काटा होता, पाण्याचा पेला होता. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, गिन्नी दोऱ्यानं बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायची. खरी असेल तर काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तितक्याच वजनाची पितळी दुपटीच्या वर जाते. एवढंही नको. खरी गिन्नी २२ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. त्या मापाची पितळी जेमतेम चार ग्रॅम भरते. वजन जुळवायचं तर जाडीच वाढवावी लागते. माझ्या जाड होत्या. मला वाटलं, वा, भरीव आहेत! (लोहचुंबकाच्या नादी लागू नका. पितळही चिकटत नाही.)

सगळ्यांवर सन १९१८. त्या साली मुंबईच्या टांकसाळीनंही गिन्न्या पाडल्या, नाण्यावरच्या घोड्याच्या खाली, सनाच्या वर बारीकसा इंग्रजी 'आय' टाकून. लंडनच्या टांकसाळीनं त्या वर्षी पाडल्याच नाहीत. म्हणजे १९१८ ची आणि अक्षर नाही, तर ती खोटीच. माझ्या अकराही बिनअक्षरी. दुसऱ्या बाजूला राजाच्या कानामागे अकराही नाण्यांवर एकच टोचा, त्याच जागी. एका साच्यातून ओतल्यावर दुसरं काय होणार? भिंग माझ्या खिशात होतं. काढलं नाही.

कावून? कारण तो म्हणाला होता, "कोणाले सांगू नका, सरकार घेऊन जाईन." त्यात थोडं खरंही होतं. गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. त्या एका वाक्यानं त्यानं मला चोर करून टाकलं. मग फसल्यावर मी कोणत्या तोंडानं पोलीस ठाण्यात जाणार होतो?

हो, लोभ होता. अर्ध्या भावाची गिन्नी म्हटल्यावर मन चळलंच. मान्य. पण हसणाऱ्यांनो, तो माणूस लोभावर फक्त माल विकतो. सुटतो तो आपल्या लाजेवर. माझ्या दारातून गेला तेव्हा मी बोंब मारली असती तर या पोरापर्यंत तो धंदा पोचला असता का, कोण जाणे. हे लिहिताना हात जड झालाय.

पोरगा माझ्याच वर्गातला. गणितात बरा होता. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. माय चुलीपुढे गप्प, तो खाटेवर. मी माझी पुरचुंडी सोडून अकरा गिन्न्या खाटेवर ओतल्या. त्यानं एक उचलली, उलटीपालटी केली, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमच्यावाल्या त माह्यापेक्षा बेक्कार हायेत."

दोन दिवसांत पहिल्यांदा हसला म्हणे.

उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं ठाण्यात चाललो आहोत. माझ्या अकराही पिशवीत घेतल्यात.